आधी पंप, मग कॅमेरा

नवा डीएसएलआर घेतलाय, घरच्या फिश टँकचे फोटो काढायचेत, असं कुणी म्हणालं की मी कॅमेऱ्याचं मॉडेल विचारत नाही. हवेचा पंप कुठे लावलाय, खोलीत कूलर आहे का आणि लाइट गेली तर काय करणार, एवढंच विचारते. परभणीच्या उन्हाळ्यात या तीन गोष्टी लेन्सपेक्षा मोठ्या आहेत. सेलूहून आलेल्या एका फोनमुळे ते माझ्या मनावर कायमचं ठसलं.

भाच्याने नवा कॅमेरा घेतला होता. मे महिना, भरदुपार. फोटोत बुडबुडे येतात म्हणून त्याने पंप बंद केला, काचेवर चकाकी नको म्हणून खिडक्या लावून पडदे ओढले आणि फोटो काढण्यात तो पार रमून गेला. तेवढ्यात लाइट गेली. "मावशी, सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायलेत, काय करू?" मी म्हटलं, "कॅमेरा ठेव बाजूला. खिडक्या उघड, आणि मग्ग्याने टाकीतलंच पाणी घेऊन हातभर उंचीवरून परत टाकीत ओतत राहा." लाइट येईपर्यंत तो ओतत राहिला. मॉली आणि गप्पी वाचले. दोन्ही गोल्डफिश गेले.

पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्याच वेळी उकाड्यात माशाला तो जास्त लागतो. गोल्डफिश तर मुळात थंड पाण्यातला, त्याची दमछाक सगळ्यांत आधी होते. पंपाचे बुडबुडे पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवतात आणि हवेतला प्राणवायू तिथूनच पाण्यात उतरतो. म्हणून पंप बंद करायचाच असेल तर पाचेक मिनिटांसाठी करा आणि फोनवर गजर लावा. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असू द्या. लेन्सच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही.

त्यातूनही फोटोसाठी दुपार निवडूच नये. मी रात्री नऊनंतर बसते. उकाडा थोडा उतरलेला असतो आणि बाहेर अंधार असल्याने काचेत खिडकी दिसत नाही. खोलीतली ट्यूब बंद, टीव्ही बंद, उजेड फक्त टाकीवरचा. अंगात गडद रंगाचा कपडा घाला. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावरची कंपनीची ठळक अक्षरंसुद्धा काचेत उमटतात, तेव्हा पट्टा काढून ठेवा नाहीतर मनगटाला गुंडाळा. मात्र अंधार करून टाकीचा दिवा एकदम लावू नका. माशाला पापण्या नसतात. अचानक उजेड पडला की तो बिथरतो आणि काचेवर धडकतो. टाकीचा दिवा आधी लावायचा, खोलीतले दिवे सावकाश मालवायचे.

आता काच. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं, आपण वरून भर घालत राहतो, आणि पाण्याच्या पातळीवर क्षाराची पांढरी रेघ धरते. रोजच्या नजरेला ती दिसत नाही, फोटोत खडूने ओढल्यासारखी उठून दिसते. पाणी चार बोटं उतरवून लिंबाच्या फोडीने ती रेघ घासा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. काच पुसायचे बाजारातले स्प्रे टाकीजवळ नकोतच. कित्येकांत अमोनिया असतो आणि तो माशांना विष आहे. पाणी बदलायचं तर आदल्या दिवशी बदला. ताज्या पाण्यातली हवा काचेवर बारीक मोत्यांसारखी चिकटते आणि सगळा फोटो पुरळ आल्यासारखा दिसतो. नळाचं पाणी असेल तर दिवसभर उघड्या बादलीत ठेवून क्लोरीन उडू द्या.

काचेसमोर कॅमेरा तिरका धरणं हे धूसर फोटोचं सगळ्यांत मोठं कारण आहे. प्रकाश पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत येताना वळतो, आणि प्रत्येक रंग थोडा वेगळा वळतो. तिरकं पाहिलं की हा फरक वाढतो. माशाच्या कडेला निळी-तांबडी किनार येते आणि खवले पुसट होतात. काचेला लेन्स अगदी सरळ ठेवा. लेन्सच्या तोंडाला रबरी हूड लावून ते काचेला टेकवलं की प्रतिबिंबाचाही बंदोबस्त होतो. पण १८-५५च्या किट लेन्सला फोकससाठी साधारण पाव मीटर अंतर लागतं, तेही लेन्सच्या टोकापासून नाही, कॅमेऱ्यातल्या सेन्सरपासून. त्यामुळे हूड टेकवल्यावर काचेला लागून पोहणारा मासा फोकसमध्ये येतच नाही. कॅमेऱ्यात बिघाड नाही, मासा जरा आत जाईपर्यंत थांबायचं असतं.

उजेडावर मात्र मन लावून काम करा. टाकीवरच्या स्वस्त एलईडीचा उजेड आपल्याला अखंड वाटतो, पण आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. शटर १/२०० वर नेलं की फोटोत आडव्या काळपट पट्ट्या येतात. लोक कॅमेरा सदोष समजून दुकानात परत घेऊन जातात. १/१०० ठेवलं तर पट्ट्या जातात, पण गप्पीची शेपटी हलते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश काचेवर आपटून पांढरा गोळा होतो. खरा मार्ग एकच: वेगळा फ्लॅश टाकीच्या काचेच्या झाकणावर, तोंड खाली करून ठेवायचा आणि साध्या वायरलेस ट्रिगरने उडवायचा. वरून येणारा उजेड नदीतल्या उजेडासारखा नैसर्गिक दिसतो. फ्लॅशचा लखलखाट इतका क्षणिक असतो की वेगाने वळणारा मासाही जागच्या जागी थिजतो. शटर १/१६०, ॲपर्चर एफ ८, आयएसओ ४००, इथून सुरुवात करा. झाकण मात्र हवंच. फ्लॅशवर पाणी उडालं तर नुसतं यंत्र जात नाही, शॉकही बसू शकतो. टाकीच्या सगळ्या वायरी सॉकेटच्या खाली झोक देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी बोर्डात न शिरता खाली टपकेल.

सरावाला महागडे मासे आणू नका. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खातं हौदांत सोडतं ते गप्पी उत्तम. त्यांना जड पाणी मानवतं, म्हणून आपल्या बोअरच्या पाण्यात ते खूश असतात. काळी मॉली हा पुढचा धडा. कॅमेरा काळं पाहून उजेड वाढवतो आणि मॉली राखाडी करतो. एक्स्पोजर एक पायरी खाली घ्या. चंदेरी एंजल चौकट भरून आला तर तो मळकट येतो, तेव्हा उलट करा. फोकसचा एकच बिंदू निवडून तो माशाच्या डोळ्यावर ठेवा. फोटोआधी खाऊ घालू नका, नाहीतर सुंदर माशाखाली विष्ठेची दोरी लोंबताना दिसते. नवा आणलेला मासा पहिला आठवडा तर निवांतच राहू द्या.

जपानच्या ताकाशी अमानो यांचं काम पाहाच. १९५४चा जन्म, २०१५ मध्ये गेले. पाणवनस्पतींच्या टाक्या मांडण्यात जगभर नाव झालेला हा माणूस मुळात निसर्गछायाचित्रकार होता आणि मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांवर काम करायचा. त्यांच्या चित्रांतली काच दिसतच नाही. त्यामागे टाकीची अपार निगा आहे आणि ती आपल्यालाही जमण्यासारखी आहे.

शेवटी कॅमेऱ्याची निगा. कूलरच्या झोतासमोर टाकी ठेवली तर पाणी दोन-तीन अंश थंड राहतं, पण त्या झोतात कॅमेरा ठेवू नका. ओलसर हवा लेन्सच्या आत शिरते. जूनमध्ये पाऊस लागला की त्याच ओलीवर बुरशी धरते, आणि लेन्सच्या आत गेलेली बुरशी घरी निघत नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि कॅमेरा बॅगेत नाही, त्या डब्यात. निळी सिलिका गुलाबी झाली की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरा. ती कढई मात्र स्वयंपाकाला घेऊ नका.