घरी तारेचं वेल्डिंग मशीन घेताना: खानदेशातल्या घरासाठी खर्चाचा हिशेब

कूलरचा स्टँड, अंगणाचं फाटक, गोठ्यावरचा पत्रा, मोटरसायकलचं कॅरिअर. जळगाव-धुळ्याकडे घरची लोखंडी कामं बहुधा १.२ ते २ मिलिमीटर जाडीच्या पाइपात आणि पत्र्यात असतात. रॉडच्या मशीनवर नवख्या हाताने तिथे भोक पडतंच. तार आपोआप सरकवणारं मशीन, म्हणजे कारागिरांचं ‘सीओटू’ किंवा मिग, अशा पातळ कामाला सोयीचं. तुमचं काम फक्त जाड अँगलचं असेल, तर मात्र रॉडचं इन्व्हर्टर मशीन साधारण निम्म्या किमतीत मिळतं आणि तेवढं पुरतं.

सिंगल फेजवर चालणारं, गॅसविनाही चालणारं मिग मशीन साधारण १२ ते २० हजारांत येतं. खोक्यावरच्या ‘२५०’ अशा मोठ्या आकड्यावर जाऊ नका. मशीनच्या मागची पट्टी वाचा. तिथे एक्स अक्षरासमोर टक्के असतात. २०० अँपिअरला ६० टक्के याचा अर्थ दर १० मिनिटांत ६ मिनिटं जोडकाम आणि ४ मिनिटं विश्रांती. हा आकडा ४० अंश तापमानाला धरून काढलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही पारा त्याच्या वर जातो, तेव्हा मशीन लवकर बंद पडेल हे धरूनच चाला. उन्हाळ्यात काम पहाटे उरकावं.

खरा पैसा विजेवर लावा. १.५ मिलिमीटरच्या पाइपाला ८० अँपिअर पुरतात. त्यासाठी मशीन मीटरकडून १० ते १२ अँपिअर ओढतं, म्हणजे चांगल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर भागतं. पूर्ण २०० वर नेलं तर मागणी ३० अँपिअरच्या पुढे जाते. तेव्हा मीटरजवळून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग हवं. त्याला अंतराप्रमाणे दोन-चार हजार लागतील. त्याआधी वीजबिलावरचा मंजूर भारही पाहा. संध्याकाळी गावात व्होल्टेज १९० च्या खाली जात असेल, तर महागडं मशीनही तार नीट वितळवणार नाही. आणि घरगुती मीटरवर पैसे घेऊन लोकांची कामं करू नका. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते.

गॅस घ्यायचा का? एक किलो सीओटूपासून सुमारे ५४० लिटर वायू होतो. मिनिटाला १० लिटर धरले तर तासाभरापेक्षा थोडं कमी जोडकाम. गॅसवरचा जोड स्वच्छ येतो आणि साधी तारही स्वस्त पडते, पण सिलिंडर आणि रेग्युलेटरचा खर्च वेगळा. शिवाय उघड्या अंगणात वारा गॅस उडवून नेतो आणि जोडात छिद्रं राहतात. म्हणून अंगणात काम करणाऱ्याने फ्लक्स भरलेल्या ०.८ मिलिमीटर तारेने सुरुवात करावी. किलोला साधारण पाचशे रुपये पडतात. पावसाळ्यात ती बंद पिशवीतच ठेवा.

मशीन लावताना सर्वांत जास्त चूक होते ती ध्रुवांची. गॅसविना फ्लक्स तारेला टॉर्च उणे टोकावर, गॅसवरच्या साध्या तारेला अधिक टोकावर. दुकानातून मशीन बहुधा एकाच पद्धतीने जोडून येतं, त्यामुळे झाकण उघडून तपासा. फ्लक्स तारेला खाचदार रोलर लावा आणि दाब बेताचाच ठेवा, जास्त दाबाने तार चेपते. अर्थ क्लॅम्प लावण्याआधी रंग आणि गंज ग्राइंडरने काढा.

ऑटो-डार्क हेल्मेट, चामडी मोजे आणि ग्राइंडर यांना चार-पाच हजार धरा. सगळं मिळून वीस ते तीस हजार होतात. कूलरचा जीआय पत्रा जोडण्याआधी जस्त घासून काढा आणि उघड्यावर उभे राहा. जस्ताच्या धुराने थंडीताप भरतो. कडबा आणि कापसाचा ढीग जवळ ठेवू नका.

पैसे देण्याआधी आपल्याच पाइपाचा तुकडा दुकानात नेऊन जोडून पाहा. मशीनचं कार्ड बिघडलं तर दुरुस्ती जळगाव-धुळ्यातच होते की बाहेर पाठवावं लागतं, हे बिलावर लिहून मागा. लिहून देत नसतील तर दुसरं दुकान गाठा.