बुजगावण्याच्या शेजारी कॅमेरा

परतूर तालुक्यात दुधना नदीपासून थोडं आत आमचं रान आहे. निम्मं काळं, निम्मं भरड, आणि पलीकडं गायरान. जालना जिल्ह्यात जंगल नावालाच; अभयारण्य एकही नाही. हरणं मात्र आहेत, आणि ती आमच्याच सोयाबीनवर जगतात. पेरणी उगवून आली की कळप कोवळे शेंडे खुडत फिरतो, रब्बीत हरभऱ्यावर उतरतो. म्हणून बांधाबांधावर बुजगावणी, जुन्या साड्यांची कुंपणं, फटाके, गोफणी, आणि रात्रीची जागल. अशा गावात चार वर्षांपूर्वी मी ट्रॅप कॅमेरा, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, आणला आणि हरणं बुजू नयेत म्हणून खटपट सुरू केली. काका म्हणाले, "लोकं हरणं हाकलायला पैसे घालतेत, अन् तू बोलवायला घालायलास." मी शाळामास्तर, त्यामुळं असल्या वेडाला गावात थोडी सूट मिळते. चार वर्षांत जे चुकलं आणि जे जमलं, ते असं.

१. आपलं जनावर कोणतं ते आधी ओळखा. आपण ज्याला हरीण म्हणतो ते काळवीट. शास्त्राच्या हिशेबानं ते हरणांत नाही, कुरंगांत मोडतं. चितळ-सांबराची शिंगं गळून पुन्हा उगवतात; काळविटाची पीळदार शिंगं जन्मभर तीच. हा फरक मी वर्गात अनेकदा शिकवला होता, पण कॅमेरा लावताना विसरलो. कॅमेऱ्याच्या डब्यातल्या पुस्तिकेत सगळा सल्ला झाडीतल्या हरणांचा होता: झाडाच्या बुंध्याला पट्टा आवळा वगैरे. काळवीट उघड्या माळावर राहतं, आणि त्याचा जीव त्याच्या नजरेवर असतो. तिथं बुंधाच नाही, मग आवळायचा कशाला?

२. खांब आधी, कॅमेरा नंतर. मी गायरानाच्या मधोमध लोखंडी अँगल ठोकला आणि त्याच संध्याकाळी वर कॅमेरा चढवला. सहा दिवसांत फक्त एका खोकडाचा फोटो आला, तोही शेपटीचा. कळपाची वाट मात्र पायांच्या ठशांवरून स्पष्ट वाचता येत होती: सरळ येणारी रेघ अँगलपासून बरीच अलीकडं वळायची आणि लांबून फेरा घालून पुन्हा मूळ वाटेला लागायची. जिथं दरवर्षी तेच दगड, तीच बाभळीची खोडं, तिथं रातोरात उभी राहिलेली काठी त्यांच्या लेखी संकटच. पुढच्या वेळी मी बांधावरचा जुना, वाकलेला कुंपणाचा डांब निवडला. नवा खांब रोवायचाच असेल तर पंधरा दिवस तो नुसता उभा ठेवतो, वर कॅमेऱ्याच्या आकाराचा रिकामा डबा बांधून. डबा मातीनं माखतो. ठसे खांबाजवळून सरळ जायला लागले की डबा काढून कॅमेरा बसवायचा.

३. पाठीमागं आभाळ नको. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, आणि त्याच्या मागं बांधाची माती किंवा तुराट्यांची गंजी असावी. माळावर आभाळाच्या रेघेत दिसणारी प्रत्येक गोष्ट जनावर मान वर करून बघतं. पट्ट्याचं लोंबतं टोक कापून टाका. माझ्या पट्ट्याचं टोक वाऱ्यावर फडफडायचं. साड्यांची कुंपणं लोक ज्या कामासाठी बांधतात, तेच मी फुकट करत होतो.

४. लाल ठिपका. हा धडा सगळ्यात महाग पडला. रात्रीच्या फोटोसाठी कॅमेरा अवरक्त दिवे लावतो. स्वस्त कॅमेऱ्यांत ते बहुधा ८५० नॅनोमीटरचे असतात. प्रकाश लांब जातो, पण दिवे पेटताना मंद लाल दिसतात. माझ्या पहिल्या रात्रीच्या फोटोंत सात माद्या होत्या, आणि सातही कॅमेऱ्याकडं टक लावून बघत होत्या. दुसऱ्या फोटोत नुसती धूळ. ९४० नॅनोमीटरचा दिवा माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. फोटो जरा काळपट येतो, पल्ला कमी पडतो. मी पैसे साठवून तसा कॅमेरा घेतला. तरी एखादी मादी कान टवकारतेच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ साली वेगवेगळे कॅमेरे तपासून दाखवलं की ते जनावरांना ऐकू येतील असे आवाज करतात, त्यांतले काही माणसाच्या कानापलीकडचे, आणि दिव्यांचा प्रकाशही काही जनावरांना दिसू शकतो. म्हणजे अगदी अदृश्य कॅमेरा मिळत नाही. पांढऱ्या फ्लॅशचा मात्र विचारही करू नये. अमेरिकेत जॉर्ज शिरास या वकिलानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी होडीतून, फ्लॅशची पूड पेटवून हरणांचे रात्रीचे फोटो काढले. १९०६ च्या जुलैत 'नॅशनल जिओग्राफिक'नं त्याचे ७४ फोटो छापले. फोटो अप्रतिम आहेत. काहींत हरणं उड्या मारत पळताना दिसतात, आणि त्या उड्यांचं कारण फोटो काढणाराच होता, हे मला माझ्या धुळीच्या फोटोनंतर कळलं.

५. वास. काळवीट नजरेवर विसंबतं हे खरं, पण नाकही बंद ठेवत नाही. साबणानं हात धुऊन, डोक्याला तेल चोपडून कॅमेरा लावायला जाऊ नका. मी गोठ्यात शेणात हात घालून निघतो. गाई-म्हशींचा वास माळाला सवयीचा आहे. बायकोला हे पटलेलं नाही.

६. गवत कापा, पण थोडंच. पहिल्या पावसाळ्यात कार्डावर दोन हजारांवर फोटो आले. बहुतेक सगळे कुसळीचे, वाऱ्यावर डुलणारे. भिंगापुढचं हातभर गवत कापावं. सगळी जागा साफ केली की ती नवीच दिसते, आणि धडा दोन पुन्हा गिरवावा लागतो.

७. लेंड्यांचा ढीग. काळविटाचा नर ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. ती त्याच्या हद्दीची खूण. डोळ्याजवळच्या ग्रंथीचा चिकट स्राव तो काडीला, फांदीला पुसतो. माळ कितीही मोठा असो, त्या ढिगाकडं तो येणारच. कॅमेरा ढिगापासून आठ-दहा पावलांवर, तिरपा लावा. समोरासमोर लावला तर तो थेट भिंगात बघतो. तोंड उत्तरेकडं ठेवलं की सकाळ-संध्याकाळचं ऊनही भिंगात येत नाही. आमच्याकडच्या रोही, म्हणजे नीलगाई, याही लेंड्या एका जागी टाकतात. तिथं कॅमेरा जरा उंच हवा, नाहीतर नुसते पाय येतात. माझ्याकडं रोहीच्या गुडघ्यांचा मोठा संग्रह आहे.

८. पाणवठ्यावर हावरटपणा नको. मार्च संपला की ओढे आटतात आणि शिवारात एखाददुसरं डबकं उरतं. तिथं कॅमेरा लावला की फोटो भरपूर मिळतील हे सरळ गणित. मी डबक्याच्या अगदी काठावर लावला. दोन रात्री कळप आला, लांब उभा राहिला, परत गेला. फोटो काहीच नव्हते. कळप येऊन गेल्याचं मला जागलीवरच्या सालगड्यानं सांगितलं. तो म्हणाला, "सर, ते तहानेले गेले." त्याच दुपारी मी कॅमेरा काढला. तहानलेलं जनावर गावाकडं, विहिरीकडं वळतं, आणि कठडा नसलेल्या विहिरी आमच्याकडं कमी नाहीत. त्यात पडलेलं हरीण वर काढताना मी एकदा दोर धरला आहे. बाहेर आलं तेव्हा ते जिवंत नव्हतं. आता कॅमेरा पाण्यावर नाही, पाण्याकडं येणाऱ्या वाटेवर, बराच अलीकडं असतो.

९. मे महिन्यात कॅमेऱ्यावर विश्वास ठेवू नका. कॅमेऱ्यातला सेन्सर हलणाऱ्या अंगाची आणि आसपासची उष्णता यांतला फरक ओळखतो. पारा बेचाळीसवर गेला की माळ आणि हरीण जवळपास सारखेच तापलेले. मग कळप समोरून गेला तरी कॅमेरा झोपलेला. एका उन्हाळ्यात मी गावभर सांगत सुटलो की हरणं गेली. ती रोज दुपारी बाभळीच्या सावलीत होती.

१०. रोज बघायला जाऊ नका. हे सगळ्यात अवघड. पहिल्या वर्षी मी शाळा सुटली की धावायचो. माझ्या पायवाटेनं कॅमेऱ्याचा पत्ता जनावरांना दिला, आणि माणसांनाही: एक कॅमेरा चोरीला गेला. आता पंधरा दिवसांनी, भर दुपारी, बैलांच्या मागं मागं जातो. पिलाचे दिवस असतील तर तेही नाही. मादी पिलू गवतात लपवून लांब चरते. आपण जवळ घुटमळलो की ती येत नाही, आणि कुत्र्यांना आपला माग सापडतो.

११. पाणंदीकडं तोंड नको. कॅमेऱ्याला हरीण आणि माणूस यांत फरक कळत नाही. माझ्या कार्डावर पहाटे बाहेर निघालेल्या बायाबापड्या आल्या होत्या. मी ते फोटो तिथंच पुसले, पारावर जाऊन कॅमेरा कुठं आहे ते सांगितलं आणि त्याची दिशा बदलली. खरं तर हे लावण्याआधीच करायचं होतं. हरणांच्या फोटोंची जागा मात्र कुणाला सांगत नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पण फासे लावणारा अनुसूची वाचत नसतो.

१२. बुजगावण्याशेजारी लावा. हे मला योगायोगानं सापडलं. काकांनी हरभऱ्यात बुजगावणं उभं केलं: मडक्याचं डोकं, माझा जुना सदरा, खांद्यावरून सोडलेली आजीची हिरवी साडी. पहिले चार दिवस हरभरा शाबूत राहिला. मी गुपचूप त्याच्याच पायाशी कॅमेरा बांधला, कारण तिथं आणखी एका नव्या वस्तूनं काही बिघडणार नव्हतं. नवव्या रात्रीपासून फोटो यायला लागले. माद्या बुजगावण्याला खेटून चरत होत्या. एका फोटोत साडीचा पदर एकीच्या पाठीवर पडला होता आणि ती मान खाली घालून हरभरा खात होती.

फोटो काकांना दाखवला. त्यांनी मोबाईल लांब धरून, डोळे बारीक करून बराच वेळ बघितला.

"उद्या जाशील तवा ती साडी काढून आण," ते म्हणाले, "गोधडीला होईल."