एक्सेलमधली लपलेली बटणं : फुकट काय, पैसे कशाला?

एक्सेल उघडलं आणि वरची बटणांची पट्टीच दिसेना, की पुष्कळदा पहिला फोन संगणक दुरुस्तीवाल्याला जातो. तो येण्याचे पैसे घेतो, कधी ऑफिस पुन्हा टाकायला सांगतो, कधी थेट ‘फॉरमॅट मारू’ म्हणतो. हा खर्च करण्याआधी एवढं बघा, की बटण सापडत नाही याचं कारण कोणतं आहे.

कारणं मुख्यतः तीन. पट्टी मिटलेली असते. किंवा बटण सॉफ्टवेअरमध्ये असतं, पण पडद्यावर आणलेलं नसतं. किंवा तुमच्या आवृत्तीत ते मुळातच नसतं. पहिल्या दोन प्रकारांत एक रुपयाही लागत नाही. पैशांचा विचार तिसऱ्यातच करायचा.

पट्टी मिटली असेल तर : खर्च शून्य

एक्सेलच्या २००७ च्या आवृत्तीत जुने मेनू आणि टूलबार जाऊन टॅबांची ‘रिबन’ आली. ‘होम’, ‘इन्सर्ट’ अशा कुठल्याही टॅबवर चुकून डबल क्लिक झालं की रिबन मिटते आणि नुसती नावं उरतात. पुन्हा डबल क्लिक करा किंवा कंट्रोल आणि एफ१ एकत्र दाबा. बऱ्याच लॅपटॉपवर एफ१ ला दुसरंच काम दिलेलं असतं. तिथे एफएन हे बटणही सोबत दाबावं लागतं. टॅबांची नावंही गेली असतील, तर पडद्याच्या अगदी वरच्या कडेवर क्लिक करा. रिबन खाली उतरली की तिच्या उजव्या टोकाच्या बाणातून ती कायम दिसण्याचा पर्याय निवडा.

फॉर्म्युला बार गेला असेल तर ‘व्ह्यू’ टॅबमध्ये त्याच्या नावासमोर टिक करा. खालची शीटची नावं दिसत नसतील तर ‘फाइल’, मग ‘ऑप्शन्स’, मग ‘ॲडव्हान्स्ड’ असं जाऊन ‘शो शीट टॅब्ज’वर टिक करा. ही निवड त्या एका फाइलपुरती असते. त्यामुळे एका फाइलमध्ये नावं दिसतात आणि दुसरीत नाहीत, असं झालं तर संगणक बिघडलाय असं समजू नका.

गूगल शीट्समध्ये मेनू गायब झाले तर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ एकत्र दाबा. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये ‘व्ह्यू’ मेनूतल्या ‘टूलबार्स’वर गेलात की सगळ्या पट्ट्यांची यादी मिळते; हवी तिच्यावर टिक करा.

बटण पडद्यावर आणायचं असेल तर : खर्च शून्य, थोडा वेळ

इथे ग्राहकाचा सर्वांत जास्त फायदा आहे, कारण विकत घेतलेल्या एक्सेलमधली कितीतरी साधनं वापराविना पडून असतात.

रिबनवर राइट क्लिक करून ‘कस्टमाइझ द रिबन’ निवडा. उजवीकडच्या यादीत ‘डेव्हलपर’समोर टिक केली की मॅक्रो (तेच ते काम आपोआप करून घेणाऱ्या सूचना) आणि फॉर्मची बटणं असलेला टॅब हजर होतो. याच खिडकीत स्वतःचा टॅबही बनवता येतो. एक्सेलच्या तयार गटांत नवं बटण घालता येत नाही, म्हणून आधी ‘न्यू ग्रुप’ करा आणि बटण त्यात टाका.

‘कमांड्स नॉट इन द रिबन’ ही यादी सावकाश वाचून काढा. तिच्यातलं ‘फॉर्म’ हे बटण सोसायटीच्या देखभाल शुल्काच्या किंवा वर्गणीच्या नोंदींसाठी फार कामाचं आहे. एका वेळी एकाच माणसाची ओळ भरायला मिळते, त्यामुळे एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर जाण्याचा धोका कमी होतो. मात्र तक्त्यात ३२ पेक्षा जास्त स्तंभ असतील तर हा फॉर्म चालत नाही.

रोजची बटणं ‘क्विक ॲक्सेस टूलबार’वर ठेवा. तो दिसत नसेल तर रिबनवर राइट क्लिक करून आणता येतो. त्यावरचं पहिलं बटण ऑल्ट आणि १ ने चालतं, दुसरं ऑल्ट आणि २ ने. दिवसभर बिलं भरणाऱ्याचा यात बराच वेळ वाचतो.

संख्याशास्त्र शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी संगणकावरच्या एक्सेलमध्ये ‘ऑप्शन्स’मधल्या ‘ॲड-इन्स’कडे जावं. खाली ‘एक्सेल ॲड-इन्स’ निवडून ‘गो’ दाबा आणि ‘ॲनालिसिस टूलपॅक’ व ‘सॉल्व्हर’वर टिक करा. दोन्ही ‘डेटा’ टॅबवर येतात. यांच्यासाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका.

सगळं मनासारखं लागलं की त्याच खिडकीतून ही मांडणी ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवा. कार्यालयात एकाने लावलेली मांडणी बाकीच्यांना आयती मिळते. पण दुसऱ्याची मांडणी आत घेतली की तुमची आधीची पुसली जाते. म्हणून स्वतःची प्रत आधी काढा. घोळ झालाच तर ‘रीसेट’ आहे.

आवृत्तीतच नसेल तर : पैसे कुठे लागतात?

मायक्रोसॉफ्ट खातं असलं की ब्राउझरमधलं एक्सेल फुकट वापरता येतं, पण त्यात व्हीबीए मॅक्रो चालत नाहीत. अशा साधनांची गरज असेल तरच संगणकावरचं एक्सेल घ्या. त्याचे दोन मार्ग आहेत.

मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी भरत राहावी लागते. वर्षाची वर्गणी बारा महिन्यांच्या सुट्या हप्त्यांपेक्षा स्वस्त पडते. फॅमिली योजना सहा जणांपर्यंत चालते, म्हणून घरात दोन-तीन वापरणारे असतील तर माणशी खर्च काढून पाहा. महिनाभर मोफत वापरून बघायचं असेल तर कार्डाची माहिती द्यावी लागते. पुढे घ्यायचं नसेल तर आपोआप होणारं नूतनीकरण त्याच दिवशी बंद करा.

ऑफिस २०२४ एकदाच पैसे भरून एका संगणकासाठी मिळतं. त्यातली ‘होम’ आवृत्ती घरगुती वापरासाठी आहे. दुकान किंवा कचेरीसाठी ‘होम अँड बिझनेस’ लागते. ऑफिस २०१६ आणि २०१९ चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; जुनं स्वस्तात मिळतंय म्हणून ते घेऊ नका. किमतीत १८ टक्के जीएसटी धरला आहे का ते विचारा आणि पक्कं बिल घ्या.

साधा हिशेब, याद्या आणि आलेख एवढंच काम असेल तर लिब्रेऑफिस पूर्ण मोफत आहे, आणि त्यातले टूलबार ‘टूल्स’मधल्या ‘कस्टमाइझ’मधून हवे तसे बदलता येतात. गूगल शीट्सही वैयक्तिक वापराला फुकट आहे. पण तिथल्या पट्टीवर आपल्या आवडीची बटणं मांडण्याची फारशी सोय नाही.

फसवणूक टाळा

अगदी कवडीमोल दराने विकल्या जाणाऱ्या ‘आयुष्यभराच्या की’ आणि क्रॅक केलेलं ऑफिस यांपासून लांब राहा. ‘फोनवरूनच दुरुस्त करतो’ म्हणत पडदा शेअर करणारं ॲप टाकायला सांगणाऱ्या अनोळखी माणसाला लगेच नाही म्हणा. त्याला तुमच्या बँकेचे तपशील आणि ओटीपीही दिसू शकतात. पैसे गेले तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा. विक्रेत्याने फसवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

दुरुस्तीवाला, क्लास किंवा नवं सॉफ्टवेअर, खर्च कुठलाही असो, आधी कंट्रोल आणि एफ१ दाबून बघा, मग ऑल्ट आणि क्यू दाबून शोधपेटीत बटणाचं नाव टाका, मग ‘कस्टमाइझ द रिबन’ची यादी चाळा. या तिन्ही ठिकाणी बटण मिळालं नाही, तरच तुमच्या आवृत्तीत ते आहे का हे विचारा आणि मग पाकीट उघडा.