🍇 आजचा अभ्यास: निर्यात वाढली म्हणजे आपण पुढे गेलो का?



हंगाम संपला की एकच प्रश्न कानावर येतो, "यंदा कंटेनर किती गेले?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. 2018 च्या कृषी निर्यात धोरणात नाशिक जिल्हा द्राक्षाच्या क्लस्टरमध्ये आहे. क्लस्टर म्हणजे नुसत्या बागा नव्हेत. रोपवाटिका, पॅकहाऊस, शीतगृह, प्रयोगशाळा, निर्यातदार, मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र आणि आपण, या सगळ्यांची मिळून ती साखळी. ती किती मजबूत आहे हे नुसत्या टनांवरून कळत नाही.

*2010 आठवा.* खरड छाटणीनंतर शेंडावाढ रोखायला आपल्याकडे सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराईड) सर्रास वापरत. त्याचा अंश मण्यात उतरला आणि युरोपात माल अडकला. मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. कंटेनरचे आकडे तोवर चांगले दिसत होते, पण हा अंश कोणी मोजतच नव्हतं. पुढे तो तपासणीच्या यादीत आला, फवारणीच्या सवयी बदलल्या, आणि नाशिकचा माल पुन्हा युरोपात जाऊ लागला. चूक कळल्यावर सगळा भाग किती लवकर बदलतो, नावीन्याचं खरं माप हेच.

म्हणून वहीत हे *चार आकडे* ठेवा:

*1) हातात आलेला पैसा.* नुसता दर लिहू नका. निर्यातीसाठी झालेला जादा खर्च (विरळणी, मजुरी, तपासणी) वजा करा. समजा, एकरी 10 टन माल निघाला आणि लोकल दर दोन्ही वर्षी 40 रु.
▪️ गेल्या वर्षी: निर्यात 6 टन, दर 80, जादा खर्च किलोला 15. निर्यातीचे 3,90,000 + लोकल 4 टनांचे 1,60,000 = 5,50,000 रु.
▪️ यंदा: निर्यात 7 टन, दर 75, जादा खर्च 20. निर्यातीचे 3,85,000 + लोकल 3 टनांचे 1,20,000 = 5,05,000 रु.
निर्यात एक टनाने वाढली, पण हातात 45,000 रु. कमी आले!

*2) नाकारलेला माल.* पॅकहाऊसला 8 टन पाठवले, 7 टन पॅक झाले, म्हणजे साडेबारा टक्के बाद. कारणही लिहा: मण्याचा आकार, साखर, डाग, तडे की रेसिड्यू? पुढच्या वर्षी काय सुधारायचं ते या कारणातच सापडतं.

*3) टिकलेलं नवं.* प्रशिक्षणं किती झाली, शिवारफेऱ्या किती काढल्या, हे नावीन्याचं माप नव्हे. नवं वाण किंवा नवी पद्धत दहा जणांनी घेतली, तर तीन हंगामांनंतर ती किती जणांकडे आहे? आठांकडे असेल तर ती रुजली. दोघांकडेच असेल तर बाकीच्यांनी का सोडली ते विचारा. रॉयल्टीचं वाण लावण्याआधी हा आकडा जरूर बघा.

*4) बाजार किती?* सगळा माल एकाच देशात, एकाच खरेदीदाराकडे जात असेल तर धोका मोठा. तिथला दर पडला की आपण सगळेच पडतो.

*एक सावधगिरी:* शिपिंग बिलावर मालाचा मूळ जिल्हा लिहिलेला असतो. तो निर्यातदार भरतो. आपला माल दुसऱ्या जिल्ह्याच्या नावावर गेला, तर कागदावर आपला जिल्हा मागे दिसतो. त्यामुळे माल देताना ग्रेपनेटचा प्लॉट नोंदणी क्रमांक आणि जिल्हा बरोबर लिहिला आहे ना, हे विचारून घ्या.

✍️ *काय करायचं?* खरड छाटणीच्या धामधुमीआधी एक संध्याकाळ काढा. गेल्या दोन हंगामांचे हे चार आकडे एका कागदावर लिहा आणि गट बैठकीला घेऊन या. एकट्याचा आकडा नुसता हिशेब असतो. पन्नास जणांचे आकडे शेजारी ठेवले की कोणाची पद्धत उचलायची आणि दराची बोलणी कुठून सुरू करायची, दोन्ही कळतं. आकडा कमी आला तरी लपवू नका. 2010 चा धडा तोच आहे.

आपली,
शेतकरी उत्पादक कंपनी