आत्मवृत्त, संबोध्य आणि स्वशोध : भाषावर्गातील सर्जनशील लेखनासंबंधी एक विचार

मराठीच्या वर्गात ‘शेतकऱ्याचे आत्मवृत्त’ हा निबंधविषय वर्षानुवर्षे दिला जात आला आहे. जालना जिल्ह्यातील बदनापूर परिसरातल्या विद्यार्थ्याने तो लिहावयास घेतला की एक विसंगती उघडी पडते. घरी तूर, कापूस, मोसंबी असते. वहीत मात्र मार्गदर्शिकेतला ‘बळीराजा’ उतरतो. शेतकऱ्याच्याच मुलाला शेतकऱ्याचे आत्मवृत्त उसने घ्यावे लागते! यावर उपाय म्हणून ‘मी कोण आहे?’ असा थेट विषय दिला, तरी बहुधा सद्गुणांची यादीच हाती येते.

या संदर्भात मुक्ता साळवे हिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध पुन्हा वाचण्याजोगा आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेच्या या विद्यार्थिनीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. दलित स्त्रीलेखनाचा आरंभ म्हणून त्याची नोंद सर्वत्र होते. वर्गातले लेखन म्हणून त्याचा विचार क्वचितच होतो. छपराविना होणारी बाळंतपणे, हिरावलेल्या जमिनी, इमारतींच्या पायांत पुरलेली माणसे यांचे तपशील त्यात आहेत. परंतु निबंधाचे बळ केवळ तपशिलांत नाही. मुक्ता प्रत्येक वेळी कुणाला तरी उद्देशून लिहिते : कधी पंडितांना, कधी ईश्वराला, कधी स्वजातीयांना. वेदांवर अधिकार नाही तर आपला धर्म कोणता, हा तिचा प्रश्न एकांतातल्या आत्मचिंतनातून आलेला नाही. उत्तर देण्यास बांधील असलेल्याला तो विचारलेला आहे. तिचा ‘मी’ या ‘आम्ही’तून आणि या संबोधनांतून घडतो.

तेव्हा स्वशोधाच्या उपक्रमात विषयापेक्षा संबोध्य आधी ठरवावा. बदनापूरला कृषी संशोधन केंद्र आहे. ‘बीडीएन ७११’सारख्या तुरीच्या वाणांच्या नावातील आद्याक्षरे या गावचीच. ‘घरी यंदा कोणते बियाणे पेरले आणि कामून’ हे तेथील शास्त्रज्ञाला पत्राने कळवावयाचे, असा उपक्रम दिल्यास उसनी वाक्ये निरुपयोगी ठरतात. निर्णय कोणी घेतला, आईला विचारले होते काय, तुराट्या कोणी वाहिल्या, हे लिहिता लिहिता विद्यार्थ्याला घरातील स्वतःची जागा दिसू लागते. हेच पत्र नंतर आजीला उद्देशून लिहावे. दोन्ही मसुद्यांतील फरक हाच वर्गाचा खरा पाठ.

‘कामून’वर पहिल्याच वाचनात लाल रेघ ओढली, तर दुसरा मसुदा बहुधा येतच नाही. प्रमाणभाषेचे महत्त्व येथे नाकारलेले नाही, मुक्तेचा निबंधही तत्कालीन ग्रांथिक मराठीतच आहे. प्रश्न क्रमाचा आहे. शास्त्रज्ञाच्या पत्रात ‘का’ आणि आजीच्या पत्रात ‘कामून’, हा निर्णय विद्यार्थ्याने स्वतः घ्यावा.

शिक्षकानेही लिहावे. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढीत. मुलांआधी शिक्षकच कागदावर उघड होत असे. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात हे रोज शक्य नाही, पण सत्रातून दोनदा निश्चित शक्य आहे. मात्र घरातील कर्ज, आजार वा भांडण यांविषयीचे लेखन वर्गात वाचून दाखविण्याची सक्ती नसावी. तो कागद गुण न देता, लिहिणाऱ्याच्याच हाती परत जावा.