टोमॅटोच्या झाडांस आधार कोणता द्यावा

टोमॅटोचें पीक करणारा बागाईतदार बियाणें, खत व पाणी यांचा विचार आगाऊ करून ठेवितो. आधाराचा विचार मात्र झाडें आडवीं पडूं लागलीं म्हणजे करितो. त्या वेळीं व्यापारी देईल तो बांबू, सांगेल त्या भावानें व बहुधा उधारीनें आणावा लागतो. सोलापूर जिल्ह्यांत बांबू फारसा होत नाहीं. तो बाहेरून येतो व त्यावर वाहतुकीचा खर्च चढतो. पुढें टोमॅटोचा भाव उतरला कीं पहिल्यानें बुडतो तो हाच पैसा. सबब आधाराची निवड लागवडीपूर्वींच करावी, असें आमचें मत आहे.

प्रथम वाण पाहावा. कांहीं वाणांची वाढ ठराविक उंचीवर थांबते व झाड झुडुपासारखें पसरतें. अशा झाडांस तारेचा खर्च करणें व्यर्थ होय. त्यांस तुऱ्हाट्या पुरतात. आपल्याकडे तुरीची काढणी व उन्हाळी टोमॅटोची लागण यांत फारसें अंतर नसतें. म्हणून तुऱ्हाट्या चुलीकडे जाण्यापूर्वीं त्यांतील जाड व सरळ निवडून बाजूस ठेवाव्या. झाडाच्या दोहों बाजूंस एकेक रोवून सुतळीनें आडवी बांधणी केली म्हणजे झालें. खरीपाच्या पिकाकरितां त्या छपराखालीं कोरड्या ठेवाव्या लागतात. भिजलेली तुऱ्हाटी ऐन फळांच्या भारांत मोडते.

जे वाण शेंडा वाढवीतच राहतात त्यांस तारच पाहिजे. ओळीच्या दोन्ही टोकांस जाड डांब बाहेरच्या बाजूस कलते रोवून ते खुंट्यांस ताणून बांधावे, मधें दर १० फुटांवर ६ ते ८ फूट उंचीची काठी द्यावी, आणि १६ गेजची पहिली तार जमिनीपासून ३ फुटांवर ओढावी. झाड वाढेल तशी वरची तार चढवावी. ज्यांच्याकडे मोडलेल्या द्राक्षबागेचे लोखंडी अँगल व तारा पडून आहेत, त्यांनीं बांबूच्या नादीं लागूं नये. शेवग्याच्या किंवा पांगाऱ्याच्या ओल्या फांद्या डांब म्हणून रोवूं नयेत. त्या फुटतात आणि पिकाचें पाणी पितात.

आपल्या काळ्या जमिनीचा एक स्वभाव ध्यानांत ठेविला पाहिजे. ती ओलीनें फुगते व वाळतांना भेगाळते, त्यामुळें आज घट्ट बसविलेला डांब महिन्याभरांत डुलूं लागतो. जमीन उथळ असेल तर डांबाचें टोंक खालच्या मुरमापर्यंत न्यावें. खोल असेल तर दीड ते दोन फूट गाडून भोंवतीं दगड ठोकावे. वळवाच्या वाऱ्यानें मांडव पडतो तो बहुधा टोकाचा एक डांब उपटल्यामुळें; मग फळांनीं लादलेली सगळी ओळ त्याच्या मागें झोंपते. टोकाच्या डांबांवर केलेली काटकसर म्हणूनच महाग पडते. वाळवीकरितां गाडावयाच्या भागास डांबर लावावें.

पावसाळ्यांत आधार न दिल्यास फळें ओल्या मातीस टेकून सडतात आणि चिखलाच्या शिंतोड्यांनीं करपा पानांवर चढतो. तेव्हां त्या हंगामांत झाड उंच व मोकळें बांधलेलें बरें. चैत्र-वैशाखांत गोष्ट निराळी. सोलापूरचें ऊन ४० अंशांच्या वर जातें, आणि एकच खोड ठेवून पानें खुडलेल्या झाडाचीं फळें उन्हानें पांढरीं पडून भाजतात. उन्हाळी झाडास दोन-तीन फांद्या राखाव्या व पानांची सावली फळांवर राहील इतपतच बांधणी करावी. शोभेकरितां झाड सडसडीत करण्याची हौस या दिवसांत परवडत नाहीं.

तार कोंवळ्या खोडास लागूं देऊं नये; ती कापते. सुतळीचा इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखा सैल फांस घालावा. नायलॉनची दोरी टिकाऊ खरी, परंतु ती जमिनींत कुजत नाहीं व पुढील नांगरटीस नांगराला गुंडाळते. पीक निघाल्यावर काठ्यांस चिकटलेले वेल व माती खरवडून काढावीं, त्या मोरचुदाच्या द्रावणांत बुडवून उन्हांत वाळवाव्या, आणि ज्या शेतांत मर रोग झाला असेल तेथील तुऱ्हाट्या दुसऱ्या शेतांत न नेतां जाळून टाकाव्या.