सोपवून दिलेली ठेव

शास्त्रपाठ : २ तीमथ्य २:१-७

दुसऱ्या वचनात पौल चार पिढ्यांची साखळी आपणांपुढे ठेवतो : स्वतः पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे आणि त्यांनी शिकवावयाची इतर माणसे. ‘सोपवून देणे’ या अर्थाचे येथील ग्रीक क्रियापद प्रभूच्या वधस्तंभावरील प्रार्थनेतही आढळते. तेथे तो आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवितो (लूक २३:४६). सोपविणे म्हणजे भरवसा ठेवून मूठ उघडणे.

मिरजेचे शल्यचिकित्सक डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या चरित्रात हे वचन मूर्तिमंत दिसते. कॅनडात १८६५ मध्ये जन्मलेले वॉनलेस १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. प्रथम सांगलीत दवाखाना चालविल्यावर १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडले. मिरज लहान संस्थानी गाव. परंतु रेल्वेचे जंक्शन. त्यांच्या शस्त्रक्रियेची कीर्ती पसरली, तसे दूरदूरचे रुग्ण तेथे येऊ लागले.

अशा वेळी कुशल माणसास वाटते, ‘हे काम माझ्यावाचून कोण करील?’ वॉनलेस यांनी मात्र रुग्णालय अवघे तीन वर्षांचे असताना, १८९७ मध्ये, भारतीय तरुणांसाठी वैद्यकीय वर्ग सुरू केला. शिकविण्यात वेळ जातो, शिकणाऱ्याच्या चुका सोसाव्या लागतात. पण एका माणसाला हात दोनच असतात. १९२८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी त्यांनी मिरज सोडली आणि १९३३ मध्ये ते प्रभूकडे गेले. मिरजेतील रुग्णसेवा मात्र त्यांच्याबरोबर संपली नाही.

आम्हां भिलाईकरांस ही गोष्ट परकी नाही. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली, ती सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने. आपल्या कामगारांनी त्यांच्याकडून विद्या घेतली, म्हणूनच ते परतल्यावरही भट्टी विझली नाही.

आपल्या मंडळ्यांत काय दिसते? एकच वडील वीस वर्षे वचन सांगतात, एकच भगिनी संडेस्कूल सांभाळते. त्यांची निष्ठा थोर आहे. पण त्यांच्यामागून कोण? तरुणांना उत्साह नाही, अशी तक्रार करण्यापूर्वी आपण त्यांच्या हाती काय दिले, हे पाहावे. जी ठेव मुठीतच राहते, ती मुठीबरोबर मातीत जाते.

मननासाठी :
१. माझ्या सेवेतील कोणते काम मी अद्याप कोणालाच शिकविलेले नाही?
२. या महिन्यात ते मी कोणाच्या हाती सोपवीन?